कौशल्याबाईंची चूल आणि आमची फाईल

धुळ्यात आम्ही चार रिटायर मंडळी रोज सकाळी एका बागेच्या कट्ट्यावर बसतो. एक पोलिसातले, एक एसटीतले, एक शाळामास्तर आणि मी पंचायत समितीतला. पोलिसवाल्यांकडे चोरांचे किस्से, एसटीवाल्यांकडे घाटातले. माझी पाळी आली की म्हणतात, "पाटील, तुमच्याकडे काय असणार? जावक नंबर!"

खरं आहे. पण एकाच टेबलावर बत्तीस वर्षं बसलं की जावक नंबरांचेसुद्धा किस्से साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. निरोपसमारंभात एक सांगितला जातो, लग्नाच्या पंगतीत दुसरा, लोक हसतात, आपणही हसतो. हसण्यात वर्षं निघून जातात आणि मग एके दिवशी आंघोळ करताना त्यातलाच एखादा आठवतो आणि हातातला तांब्या हातात राहतो.

तालुक्याचं नाव सांगत नाही. जळगाव-धुळ्याकडचा, एवढं पुरे. हसून झाल्यावर मला दोष देऊ नका. म्हणजे द्या. द्यायलाच हवा.

* * *

जिल्ह्याहून दर तिमाहीला एक तक्ता यायचा. नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तुमच्याकडे अस्पृश्यता पाळल्याच्या तक्रारी किती आल्या, किती निकाली, किती शिल्लक. आमचे हेडक्लार्क देवरे नाना, मोठा मुरलेला माणूस. त्यांनी उत्तराचा गठ्ठाच सायक्लोस्टाइल करून कपाटात ठेवला होता. तीन रकाने, तिन्हीत 'निरंक'. म्हणजे काही नाही. आपण फक्त तारीख टाकायची.

मी नवा होतो. जूनअखेरचा अहवाल मी मे महिन्यातच पाठवून दिला, वर जूनची तारीख टाकून! जिल्ह्याहून फोन आला. तिमाही संपायला महिना आहे, तुम्हाला आधीच कसं कळलं, असं ते विचारत होते. नानांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या लोकांवर आमचा विश्वास आहे."

ऑफिस दोन दिवस हसत होतं. मी सगळ्यात जास्त.

आता तक्रारी येत नव्हत्या असं नाही. यायच्या. पण नानांची एक पद्धत होती. हापशावर पाणी भरू देत नाहीत, असा अर्ज आला की तो पाणीपुरवठ्याच्या फाईलला. शाळेत पोरं वेगळी बसवतात, असा आला की शिक्षणाच्या. वस्तुस्थिती पाहायची, भावना नाही, असं ते मला समजावायचे. त्यामुळे आमचा रकाना कायम स्वच्छ. मीटिंगमध्ये आमच्या तालुक्याचं कौतुक व्हायचं.

* * *

कौशल्याबाईंचा अर्ज असाच महिला व बालकल्याणच्या फाईलला गेला होता.

ही बाई एका गावच्या बौद्ध वस्तीतली. चौथी शिकलेली, चाळिशीची, नवरा वारलेला. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची रीतसर नेमणूक झाली होती. मदतनिसाचं मुख्य काम काय, तर पोरांसाठी उसळ शिजवायची. ती रुजू झाली आणि गावानं पोरं पाठवणं बंद केलं. मग सेविकेनं तोड काढली. स्वैपाक सेविकेची जाऊ करणार, कौशल्याबाई झाडलोट करणार. बाईंचा अर्ज चार ओळींचा होता. मला झाडायला नाही, शिजवायला नेमलं आहे, माझं काम मला द्या. बस, एवढंच मागणं. अंगणवाडीची चूल तिला पेटवू द्यायची.

आमच्याकडे असा दंडक होता की ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती चौकशीला जायची. सरपंचाविरुद्धची सरपंचाकडे, ग्रामसेवकाविरुद्धची ग्रामसेवकाकडे. बाईंनी दोघांविरुद्ध लिहिलं होतं, म्हणून दोघांना एकेक प्रत. पंधरा दिवसांत दोघांचा मिळून एकच अहवाल आला. गावात सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतो. सदर महिलेच्या हाताला चव नसल्याने मुले जेवत नाहीत.

अहवालाची प्रत घ्यायला बाई सकाळच्या एसटीनं आल्या. माझ्या टेबलासमोर उभं राहून सगळा कागद बोट फिरवत वाचला. नंतर मला विचारलं, "मना हातनं कोनी खादं, भाऊ? मंग चव कशी समजनी?"

मी नानांकडे पाहिलं. नाना पान जुळवत होते. मी म्हणालो, साहेबांना विचारतो. विचारलं नाही.

* * *

आमच्या ऑफिसातलंही सांगतो, गावाला नावं ठेवणं सोपं असतं.

बैसाणे नावाचा शिपाई होता. ऑफिसचा चहा मात्र तो करायचा नाही. चहा बाहेरच्या टपरीवरून यायचा, किटलीतून. आमचे काचेचे ग्लास फळीवर, आणि बैसाणेचा चिनी मातीचा कप वेगळा, खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलेला. वेगळा ठेव असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फळीवर ठेव असंही कोणी सांगितलं नव्हतं. तो कप इतका लख्ख असायचा की आमचे ग्लास त्याच्यापुढे कळकट दिसत.

नवे साहेब आले. विदर्भातले, मोकळा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे ग्लास बघितले, नाक मुरडलं आणि खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला रोज या कपात देत जा."

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं! तीन वर्षं साहेब त्या कपातून चहा पीत होते आणि आम्ही एकमेकांकडे बघून गालात हसत होतो.

बैसाणेनं त्या दिवसापासून ऑफिसात चहा घेतला नाही. पित्त होतं म्हणायचा. त्याला दुसरा कप आणून द्यावा, किंवा सरळ आपल्या फळीवरचा ग्लास पुढे करावा, हे मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही सुचलं.

* * *

सरकारनं सहभोजन घ्यायला सांगितलं. साहेब उत्साही, त्यांनी कौशल्याबाईंचीच वस्ती निवडली. तयारी नानांकडे. नानांनी तालुक्याहून आचारी नेला, भांडी नेली, पत्रावळ्या नेल्या. पाण्याचा ड्रमसुद्धा ट्रॉलीत घालून नेला! वस्तीतल्या बायका आपापल्या दारात उभं राहून आपल्याच गल्लीतला पाहुणचार बघत होत्या.

सरपंच आले, पोलीस पाटील आले, सगळे मांडीला मांडी लावून जेवले. का नाही जेवणार, आचारी त्यांच्याच भावकीतल्या लग्नांना यायचा.

फोटोग्राफर म्हणाला, वाढताना कोणी वस्तीतलं पाहिजे. नानांनी कौशल्याबाईंना बोलावलं, हातात पळी दिली, साहेबांच्या पत्रावळीवर धरायला सांगितली. पळी रिकामी होती. फोटो झाला आणि नानांनी पळी परत घेतली.

तो फोटो बाईंच्या फाईलला लावला. खाली शेरा मारला: 'अर्जदार स्वतः वाढताना. तक्रारीत तथ्य दिसत नाही.' शेरा नानांनी सांगितला, अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणायचे.

* * *

बाई काही हटल्या नाहीत. त्यांनी जिल्ह्याला लिहिलं. जिल्ह्यानं आम्हाला सुनावणी घ्यायला सांगितली. तीन तारखा पडल्या. दोनदा सरपंच आले नाहीत, एकदा सेविका आली नाही. तिन्ही वेळा बाई हजर, व्हरांड्यातल्या बाकावर, सकाळपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत. बैसाणे तेवढा त्यांना पाणी नेऊन द्यायचा.

महिनाअखेरीला अंगणवाडीचं हजेरीपत्रक आलं. मदतनीस तीन दिवस विनापरवानगी गैरहजर. नियमाप्रमाणे कारणे दाखवा नोटीस गेली. टाईप कोणी केली? मीच. सुनावणीची पत्रंही मीच केली होती. तारखा त्याच होत्या, माझ्या लक्षातही आलं नाही.

बाई पुन्हा आल्या. एक सुनावणीचं पत्र आणि ती नोटीस, दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हीखाली कोपऱ्यात माझीच सही.

"यामातलं कोनतं खरं धरू, भाऊ?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता. मी म्हणालो, "आक्का, आधी नोटिशीला उत्तर द्या. नाहीतर नोकरीच जाईल."

त्यांनी तिथंच बसून उत्तर लिहिलं. सुनावणी पुढे ढकलली गेली ती गेलीच.

* * *

कट्ट्यावर मी इथंच थांबतो. पुढचं आज पहिल्यांदा सांगतोय.

शेवटी काय झालं ते आधी सांगतो. कौशल्याबाई सात-आठ वर्षं त्या अंगणवाडीत झाडू मारत राहिल्या आणि मग सोडून मुलीकडे सुरतेला गेल्या. चूल त्यांनी तिथं एकदाच पेटवली. त्या दिवशी मी तिथं होतो.

झालं असं की ते कपवाले साहेब बदलून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या साहेबांच्या हाती ती फाईल लागली. फोटो पाहिला, शेरा वाचला, आणि विचारलं की हिच्या हातचं कोणी खाऊन पाहिलं का? विस्तार अधिकारी रजेवर होते. साहेब मला म्हणाले, "पाटील, तुम्ही जा. बाईंना शिजवायला लावा, गावासमोर बसा आणि खा. सरकार खातंय म्हटल्यावर गाव खाईल." सरपंचांनाही तसं पत्र गेलं. सरपंच वैतागले होते, त्यांनाही हे प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी दवंडी दिली. साहेबांचा माणूस खाईल तर आमची पोरं खातील, असं चारचौघांत कबूल केलं.

मी जीपनं गेलो. वाटेत सोनगीरच्या फाट्यावर ड्रायव्हरबरोबर दोन प्लेट भजी खाल्ली, चहा घेतला.

अंगणवाडीपुढे सगळं गाव जमलं होतं. आया पोरांना कडेवर घेऊन उभ्या. आत मटकीची उसळ रटरटत होती. कांदा-लसणाचा, काळ्या मसाल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. कौशल्याबाई धुतलेलं लुगडं नेसून चुलीशी बसलेल्या, घामानं डबडबलेल्या. मला पाहून उठल्या, हसल्या. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला पाटावर बसवलं. स्टीलच्या ताटात उसळ, बाजूला कळण्याची भाकरी, कांदा. बाईंनी ताट माझ्यापुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

मी हात धुतला, मान वर केली, आणि समोर माझे चुलतसासरे उभे दिसले.

बायकोचं माहेर शेजारच्या गावचं, हे मला ठाऊक होतं. आबा इथं येतील हे डोक्यात नव्हतं. त्यांनी डोळेही वटारले नाहीत. हातात काठी, डोक्याला टोपी, नुसते बघत होते. आणि माझ्या डोळ्यांपुढे पुढचं लग्नकार्य आलं, पंगत आली, धाकट्या मेव्हणीची सोयरीक आली. दोन घासांचं काम होतं हो. दोन घास!

"आज माझा उपास आहे," मी म्हणालो.

एक बाई वळली, तिच्या मागे दुसरी. पोरं ताटाकडे मान वळवून बघत होती, त्यांना भूक लागली होती. आयांनी त्यांना तसंच उचलून नेलं. आबा माझ्याकडे पाहून मान हलवून गेले. सरपंच म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, तुमचा काय इलाज." पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं.

कौशल्याबाईंनी ताट उचललं. त्यावर दुसरं ताट झाकलं आणि आत नेऊन ठेवलं. मी पाटावर बसूनच होतो, उठावं हेही कळत नव्हतं. बाई आतून आल्या. पोरांसाठी कोणाच्या तरी बागेतून आलेला केळ्यांचा घड कोपऱ्यात होता, त्यातलं एक केळं तोडून त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"उपासले केळं चालस ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "साल तुम्हीच काढी ल्या."