पंचवीसच्या जागी पाच

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. तुम्ही अनोळखी आहात ना — म्हणूनच सांगून राहिलो.

सौंदडकडे माझं बिनतारी इंटरनेटचं काम आहे. टॉवरवर डिश लावायची, समोरच्या गावातल्या डिशकडे तिचं तोंड करायचं, तिथून घरोघरी नेट द्यायचं. हे काम मी दिलीपला शिकवलं. माझा लंगोटीयार! आम्ही एका डब्यात जेवलेली माणसं. आणि एक दिवस मला टपरीवर कळते — मला, टपरीवर! — की दिलीपनं स्वतःचं नेटवर्क टाकलं. माझ्याच गावात, माझ्याच गिऱ्हाइकांवर. एका शब्दानं विचारलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

भांडलो असतो तर बरं झालं असतं. पण मी हसलो, त्याची पाठ थोपटली आणि घरी आलो.

आता जरा समजून घ्या. डिशमागं सिग्नल सोडणारा रेडिओ असतो, त्याच्या सेटिंगमध्ये डिशचा गेन भरावा लागतो — म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते तो आकडा. तो जास्त भरला की रेडिओ स्वतःहून पॉवर कमी करतो, नियमाच्या बाहेर जाऊ नये म्हणून. माझी डिश पंचवीसची. मी भरले पाच. रेडिओला कुठं डिश दिसते? त्यानं माझं खरं मानलं आणि पूर्ण जोर लावला. दिलीपची गावातली डिश माझ्या डिशच्या तोंडासमोरच, अन् चॅनलही तोच. कानाशी भोंगा वाजत असला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येते का?

त्याची लिंक तुटू लागली. लोक त्याला शिव्या देऊ लागले. अन् तो कोणाकडे आला? माझ्याकडेच!

"भाऊ, लिंक काऊन तुटून राहिली? तूच पाहून दे ना."

मी गेलो. तो पाण्याच्या टाकीवर चढून डिश फिरवून राहिला, मी खालून सांगून राहिलो — डावीकडे, अजून थोडी. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, म्हटलं. त्यानं सगळे बदलले. मग मीच म्हटलं, चॅनल बदल. बदलला, आणि लिंक धडाधड चालली. त्यानं मला मिठी मारली. घरी येऊन मी माझा रेडिओ त्याच चॅनलवर नेला.

असं कोण करते? मी केलं.

त्यानं दगा दिला, हे मी आजही म्हणतो. आजही जळते. पण त्याचा दगा टाकीवर उघडा होता, साऱ्या गावाला दिसत होता. माझा?

धान कापणीपर्यंत तो झगडला. मग सारं विकून नागपूरला नोकरीवर गेला. जाताना म्हणाला, "माह्या हातालेच जमत नाही हे काम, भाऊ." मी नाही म्हटलं नाही. तो गेल्यावर मी गेन बरोबर भरला. माझी लिंक तेवढीच छान चालली. त्या जोराची मला कधी गरजच नव्हती.

आता लग्नाकार्यात भेटतो. चारचौघांत तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगते — वाईट दिवसात हा एकटाच माह्यासंग उभा होता, बाप्पा. मी मान हलवतो. मग आम्ही शेजारी बसून जेवतो.