गायरानाची चिकण आणि सत्तव्वाचं तळं

माती तपासणाऱ्या माणसांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं सगळ्यांनाच वाटतं. लग्नात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हटलं, "माती तपासते," की समोरचा लगेच पंगतीत जागा झाली का ते बघायला लागतो! पण वर्षानुवर्षं लोकांच्या माळावर खड्डे खणत फिरलं की किस्से आपोआप साठतात. नमुन्याच्या पिशव्यांना आम्ही लेबल लावतो, किस्से तसेच पडून राहतात. परवा साताऱ्याच्या ऑफिसात चहाला बसलो आणि जतचा विषय निघाला. मग काय, चहा दोनदा झाला.

जतच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं एक गाव आहे. गावाला मोठं गायरान. सगळा माळ मुरमाड, पण मधोमध एक सखल तुकडा काळ्या चिकण मातीचा. तिथं मेंढरांसाठी तळं करायचं घाटत होतं. खाली प्लास्टिकचा कागद नाही, सिमेंट नाही. मातीनंच पाणी धरायचं. ती धरेल की नाही, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

ते तळं सगळ्यात जास्त कुणाला हवं होतं, तर सत्तव्वाला. साठीची धनगर बाई, नजर तिखट. दरवर्षी दिवाळी झाली की घराला कुलूप लावायचं आणि पाण्यासाठी मेंढरांमागं नदीकाठच्या ऊसपट्ट्यात निघायचं, ते मृगालाच परत. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. पहिल्याच दिवशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मला येक उन्हाळा माज्या घरात काडायचा हाय. तेवडं बगा."

आमची टीम म्हणजे मी, आमचे साहेब आणि ड्रायव्हर बापू. जुलै लागला होता, पण जतमध्ये जुलै म्हणजे कॅलेंडरवरचा पावसाळा. टँकर अजून चालूच होते.

* * *

आम्ही खड्ड्यात उतरून मातीवर ॲसिडचे थेंब टाकत होतो. मातीत चुनखडी असली की फेस येतो, ती एक नेहमीची तपासणी. त्या दिवशी गावात विट्याचा एक पाहुणा आलेला. त्याचं परराज्यात सोनं गाळायचं दुकान, म्हणजे गलाई. ॲसिडची बाटली बघून गडी काठावर येऊन उकिडवा बसला.

मी थेंब टाकला. माती फसफसली.

पाहुण्यानं मान हलवली. "मॅडम, उगं टाइम घालवू नका. फेस आला म्हंजे खोट हाय! आमच्यात असला माल दारातनंच परत करत्यात."

सत्तव्वाचा चेहरा पडला. "खोट हाय? मग पानी ऱ्हानार न्हाई?"

तिला चुनखडी समजावून सांगता सांगता आमचे दोन तास गेले. पाहुणा मात्र जाताना बापूला बाजूला घेऊन म्हणाला, "शिकल्याली मानसं हायत. वाईट वाटंल म्हनून जास्त बोललो न्हाई."

* * *

ही काळी वाळली की तिला भेगा पडतात. साध्यासुध्या नाही, मेंढराचा पाय अडकेल अशा. साहेब वाकून भेग बघायला गेले आणि शर्टाच्या खिशातला मोबाईल सरळ आत!

तेवढ्यात फोन आला. जमिनीतून रिंगटोन वाजायला लागली. मेंढरं एकदम थबकली. बापू पोटावर झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "घावला सायेब! बोटाला लागतोय!"

"थांब!" साहेब ओरडले. "काढू नकोस. आधी टेप आण."

भेगेत मोबाईल वाजतोय, स्क्रीनवर बहुतेक साहेबांच्या मिसेस, आणि आम्ही टेप सोडून माप घेतोय. मग साहेबांनी शांतपणे फॉर्म काढला आणि लिहिलं: 'भेगेची खोली अडीच फूट. पुरावा: मोबाईल.'

सत्तव्वाला वेगळीच काळजी. "येवड्या भेगा! पानी सगळं पाताळात जाईल की ओ!" साहेब म्हणाले, "आवं, भेगा पडतात म्हणजे माती अस्सल चिकण. ओली झाली की फुगते आणि भेगा आपोआप मिटतात." तिला ते काही पटलं नाही.

* * *

चिकण किती आहे ते बघायला आम्ही ओली माती बोटांत वळतो. वात जितकी लांब होईल तितकी चिकण जास्त. साहेबांचा या कामात हातखंडा, असं साहेबांचं म्हणणं. त्यांची वात चार बोटं झाली आणि तुटली. पुन्हा वळली, पुन्हा तुटली. आता साहेबांचाही आवाज उतरला. "जरा कमीच दिसतेय," म्हणाले.

सत्तव्वा इतका वेळ लोकर कातत बसली होती. टकळी बाजूला ठेवली, गोळा उचलला, थोडं पाणी मारून चांगला मळला आणि मांडीवर साडीचा पदर टाकून वळायला घेतला. हातभर शेवई! तुटली नाही, चिरली नाही. वर तिनं त्या शेवईचं कडं करून साहेबांच्या मनगटात घातलं.

"सायेब, घरात कनीक कोन मळतंय?"

"मिसेस."

"तरीच!"

* * *

खरी परीक्षा पाण्याची. खड्डा करायचा, पाणी भरायचं आणि सकाळी किती उतरलं ते मोजायचं. साताऱ्यात बसून लिहायला सोपं आहे. टँकरपाशी घागरींची रांग लागलेली असताना आम्ही दोन पिंपं पाणी मागितलं.

"कशाला?" एका बाईनं विचारलं.

बापू आर्मीतून रिटायर झालेला माणूस, खोटं बोलायची सवय नाही. म्हणाला, "मातीत वतायला."

त्यानंतर जे कानडी आम्ही ऐकलं ते कुणीच आम्हाला मराठीत करून सांगितलं नाही! शेवटी सत्तव्वा पुढे झाली. स्वतःच्या दोन घागरी उचलल्या आणि खड्ड्यात रिकाम्या केल्या. "माज्या वाटनीचं वतलं. आता कुनी बोलायचं न्हाई." एकेक करत चार-पाच जणींनी घागरी ओतल्या.

सकाळी जाऊन बघतो तर खड्डा जवळजवळ कोरडा!

एवढ्या बायांच्या तोंडचं पाणी वाया घालवलं होतं आणि वर आता रिपोर्टही नापास लिहायचा. सत्तव्वाकडे बघवेना. ती मात्र खड्ड्याभोवती फिरली, खाली वाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काठावर सगळीकडे खुरांचे ठसे.

"सायेब, मातीनं न्हाई प्यालं. माज्याच रांडच्यांनी प्यालं!"

परत तिच्याच दोन घागरी, या वेळी वर बाभळीचे काटे. दुसऱ्या सकाळी पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं.

* * *

सप्टेंबरात पाऊस झाला आणि आमची जीप गायरानात बसली. चाकांना माती अशी लपेटली की टायर कुठला आणि माती कुठली कळेना. बापूचा अपमान झाला. त्यानं लडाखात ट्रक चालवलेत. गिअर टाकून बघितला, ढकलून बघितलं, आईबहिणीवरून बोलून बघितलं. शेवटी बोनेटवर बसला.

"मॅडम, बरफात गाडी घसरायची, पर पुढं तर जायाची. ही सोडायलाच तयार न्हाई. सासुरवाडीत बी तिसऱ्या दिवशी जा म्हनत्यात!"

चौथ्या दिवशी माती वाळली तेव्हा आम्ही निघालो.

* * *

दिवाळी झाली, सत्तव्वाचं बिऱ्हाड घोड्यावर चढलं. निघताना तिनं विचारलं, "झालं का ओ?" आणि आम्हाला मान खाली घालावी लागली. मंजुरीला पाठवलेली तळ्याची फाइल वरून परत आली होती. फोटोतल्या हद्दीच्या खुंट्या वाकड्या का, म्हणून!

आम्ही त्या जुलैत ओळंबा लावून रोवल्या होत्या. पावसानं माती फुगली, उन्हानं आवळली, खुंट्या कलल्या. दोन पानांचं शास्त्रीय उत्तर पाठवलं. परत पत्र आलं: 'खुंट्या पुन्हा हलणार नाहीत याची दक्षता घ्यावी.'

साहेब कधी चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले. एका ओळीत उत्तर लिहिलं: 'जमिनीस समज देण्यात आली आहे.'

आठ दिवसांत मंजुरी आली!

* * *

सत्तव्वा बाहेर असतानाच तळं खणलं गेलं. पुढच्या पावसाळ्यात ते भरलं आणि ती दिवाळीला कुठं गेलीच नाही. यंदा मे महिन्यात आम्ही मुद्दाम बघायला गेलो. तळ्यात अजून गुडघाभर पाणी होतं आणि तिच्या दाराला कुलूप नव्हतं.

दारात आंब्याचं झाड. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिनंच लावलेलं. पण मोहोर यायचा, आंबे पिकायचे, तेव्हा ती कायम ऊसपट्ट्यात. शेजारची गंगाक्का झाडाला पाणी घालायची आणि सत्तव्वा परत आली की दरवर्षी सांगायची, "तुजा आंबा लय आंबट गं सत्तव्वा. मानसांनी खायाजोगा न्हाई. जनावरांना टाकते झालं."

त्या दुपारी सत्तव्वानं आम्हाला अंगणात बसवलं. पाडाचा एक आंबा काढला आणि आम्हाला देण्याआधी स्वतः चाखून बघितला, पाहुण्यांना आंबट कसं द्यायचं म्हणून.

ती चोखत राहिली. कोय पांढरी होईपर्यंत चोखली. मग दुसरा घेतला. मग कुठं आम्हालाही एकेक मिळाला. गूळ काय त्याच्यापुढं!

कुंपणापलीकडे गंगाक्का सूप घेऊन उभी होती. धान्य कधीच पाखडून झालं होतं, तरी पाखडत होती.

सत्तव्वानं तोंड पुसलं आणि अगदी मायेनं हाक मारली, "गंगाक्का, हुबी का? ये, बस. लय आंबट हाय, पर येक खाऊन बग!"