दोन सीटांची गाडी

सहापैकी दोन ट्रक विकून माझ्या नवऱ्याने हैदराबादहून एक लाल गाडी आणली. परदेशी, रेसच्या गाड्यांसारखी जमिनीला चिकटलेली, दोन सीटांची. आधी दोन मालकांनी वापरून सोडलेली. घरात माणसं पाच: सासू, सासरे, आम्ही दोघं आणि आमची मुलगी.

तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायची. इथे लिहिताना ‘तो’च म्हणणार आहे.

आम्ही पांढरकवड्याला राहतो. मी शाळेत शिकवते, त्याचे ट्रक राजूरकडून कोळसा वाहतात. सासऱ्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “माल बसत नाही, मानसं बसत नाही. मंग हे वाहते काय?”

“इज्जत वाहते, बा,” तो म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. दुसऱ्या दिवशी त्याने माणसं लावून तो गतिरोधक फोडून सपाट केला. माझ्या शाळेतली पोरं तिथूनच रस्ता ओलांडतात. मी तसं म्हणाले तर म्हणाला, “पोरायले डोये नाही काय?”

मग गाडीची दुखणी सुरू झाली. समोरच्या पडद्यावर पिवळे दिवे लागायचे आणि ते कशाचे आहेत हे कोणालाच सांगता यायचं नाही. एसी कधी बर्फासारखा, कधी गरम. चौथ्या महिन्यात क्लच गेला. आमचे सगळे ट्रक ज्यांच्या हाताखालून गेले ते हायवेवरचे मिस्त्री आले. मागचं, इंजिनावरचं झाकण उघडून ते बराच वेळ पाहत राहिले आणि झाकण पुन्हा लावलं.

“भाऊ, हे खोलाचे पाने माह्यापाशी नाही. अन् याचा कम्प्युटर कोन्ती भाषा बोलते, अल्ला जाने. हात लावून बिघडवन्यापेक्षा नाही म्हनतो.”

“तुले ट्रकचे चाकंच बदलता येते,” नवरा म्हणाला. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला. मिस्त्रींनी हात पुसले आणि ते निघून गेले.

त्यानंतर गाडी हैदराबादला जायची ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, तिथे नुसतं तपासून बघण्याचे पैसे वेगळे. पार्ट बाहेरच्या देशातून येणार म्हणून ती तिथे दीड-दोन महिने पडून राहायची आणि परत आली की पंधरा दिवसांत काहीतरी दुसरं जायचं. एका क्लचच्या पैशात एका ट्रकचे सगळे टायर नवे झाले असते. त्याने ड्रायव्हरांचा भत्ता कापला. घरचा किराणा आणि मुलीची फी माझ्या पगारावर आली.

“ड्रायव्हरांचं पोट कापून हिचे लाड कायले करता?” मी एकदा विचारलं.

“तुले गाडीतलं काय समजते?”

मे महिन्यात मुकुटबनजवळच्या माझ्या माहेरच्या तांड्यावर माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सासू-सासरे आणि मुलगी सकाळीच भाड्याच्या जीपने गेले. मलाही त्यांच्याबरोबरच जायचं होतं. तो आडवा आला. “तू माह्यासंग चाल. तुह्या माहेरच्यायले पाहू दे.” जरीची साडी नेसून मी त्या खोलगट सीटवर, जवळजवळ जमिनीवर, बसले. निघेपर्यंत बारा वाजले.

हायवे सोडून जंगलातला रस्ता लागला आणि एका वळणानंतर गाडीने दोन हिसके दिले. पडदा काळा झाला. एसी थांबला, इंजिन थांबलं, गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. त्या गाडीची दारं बटणाने उघडतात, काचाही बटणानेच खाली होतात. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच झालं नाही. मोबाईलला रेंज नव्हती.

वरून उतरती काच, तिच्यावर मे महिन्यातलं ऊन. थोड्याच वेळात माझे केस ओले झाले, मग तोंडाला कोरड पडली. श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटेना.

“दार उघडा,” मी म्हणाले.

“उघडून राह्यलो ना!”

मी काचेवर हात आपटू लागले. त्याने माझं मनगट धरलं. “काच फुटन!”

त्याची मुलगी तिकडे मांडवात आमची वाट पाहत होती आणि हा माणूस माझं मनगट धरून बसला होता.

मागून एक ट्रॅक्टर आला. चालवणारा पन्नाशीचा, डोक्याला दुपट्टा बांधलेला. तो खाली उतरला, वाकून आत पाहिलं आणि दार ओढून पाहिलं. मी हातानेच खूण केली, फोडा. त्याने ट्रॅक्टरवरून लोखंडी टॉमी काढून आणली. तेव्हा माझा नवरा आतून दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, “फोडू नोको! फॉरेनवरून येते हे काच! सा महिने लागते!”

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडावर ओढला आणि मान फिरवली. तिसऱ्या घावाला माझ्या बाजूची काच फुटली. बाहेरची झळसुद्धा थंड लागली. मी त्या भोकातूनच बाहेर निघाले. साडी फाटली, कोपराखाली मोठी चीर गेली.

“बाई, जास्त लागलं काय?” ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

नवऱ्याने आतून विचारलं ते असं: “काय करून ठेवलं तू हे?”

मी ट्रॅक्टरवर चढले. त्याला ‘या’ म्हणाले नाही, आणि गाडी सोडून तो येणारही नव्हता. माझ्या मागोमाग तो त्या भोकातून बाहेर आला, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून निरोप धाडला आणि गाडी उचलून नेणारी गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला. लग्नाला आला नाही. तांड्यावर याडीने, माझ्या आईने, माझा हात धुतला, पट्टी बांधली आणि जावयाचं विचारलं. “गाडीची चाकरी करून राह्यले,” मी सांगितलं.

गाडी घरी आणली तरी दार उघडेना. तिसऱ्या दिवशी नाइलाजाने त्याने मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. मिस्त्रींनी टॉर्च लावून सीटच्या बाजूला हात घातला आणि एक बारीक तार ओढली. दार खटकन उघडलं. “बॅटरी मेली तं हे ओढाचं असते. पुस्तकात लिवलं असन, भाऊ.” पुस्तक गाडीतच होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. मिस्त्री हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तार माहीत नसणं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण माझा श्वास कोंडत असताना त्याला काच दिसत होती, हे मी सोडलेलं नाही.

काच महिनोन्‌महिने आली नाही. खिडकीला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद कुरतडून उंदीर आत शिरले आणि त्यांनी आतल्या वायरी खाल्ल्या. हैदराबादवाल्यांनी वायरिंगचा जो आकडा सांगितला तो ऐकून तो दोन दिवस जेवला नाही. शेवटी नागपूरचा एक जण गाडी घेऊन गेला. एका ट्रकचेसुद्धा पैसे हातात आले नाहीत.

गेल्या दिवाळीत घरी पाहुणे होते. त्यांनी गाडीचं विचारलं. तो म्हणाला, “इकली. बाईमानसाले सोसली नाही ते गाडी.”

मी पोळ्या वाढत होते. टोपलं खाली ठेवलं, बाही वर करून हात दाखवला आणि सगळं सांगितलं. मनगट, काच, तार, सगळं. सासरे ताटावरून उठले आणि त्याच्याकडे न पाहता हात धुवायला गेले.

त्यानंतर त्याने ती गोष्ट माझ्यासमोर कधी काढली नाही. मागे सांगत असेल.