त्रूस आजींची फर्माईश

खरं सांगायचं तर या ग्रुपवर मी आत्तापर्यंत फक्त हसायला यायचे. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, चकवा... वाचायचं आणि नवऱ्याला फॉरवर्ड करायचं, "घे, अजून एक!" माझं एम.एस्सी. फिजिक्समध्ये झालंय. नवरा निखिल आइंडहोवेनला चिपच्या कंपनीत इंजिनिअर. आमच्याकडे देव्हाऱ्यातला दिवासुद्धा सणावारीच लागतो. त्यामुळे आज मी इथे लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. आणि प्लीज, "घरी बसून डोक्यावर परिणाम झाला" वगैरे कमेंट टाकू नका — ते सगळं सासूबाईंचं बोलून झालंय.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवेनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात राहतो. डिपेंडंट व्हिसावर आले, घरी बसून कंटाळले, डच शिकले आणि इथल्या एका वृद्धाश्रमात अ‍ॅक्टिव्हिटीजचं काम मिळवलं. दर बुधवारी दुपारी माझा गाण्यांचा तास असतो. तिथले आजी-आजोबा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ऐन विशीत होते, म्हणून मी टूम काढली — त्या वर्षांत जगभर नंबर वन असलेली गाणी! एका बुधवारी जपान, एकदा इटली, एकदा ब्राझील. स्वतःच्या मुलांची नावं विसरलेली माणसं दुसऱ्या ओळीपासून गायला लागायची. मला फार आवडायचं ते काम.

त्रूस आजी त्यातल्याच. डिमेन्शिया... दिवसदिवस तोंडातून शब्द नाही. जन्म बेस्टमध्ये, सगळं आयुष्यही बेस्टमध्येच. एका बुधवारी अर्जेंटिनाचं गाणं संपलं आणि त्यांनी समोरच्या हेंक आजोबांकडे बोट केलं. "हे त्याचं," म्हणाल्या. मी तर हरखूनच गेले! रेडिओवरच्या फर्माईशी ऐकत वाढलेली मी... लगेच माइक घेऊन थाटात जाहीर केलं, "हेंक यांच्यासाठी, त्रूस यांची फर्माईश!" आणि गाणं परत लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात हेंक आजोबा गेले. वय झालं होतं, हार्टचा त्रास होता — त्यात विशेष काही नाही. इथे अंत्यविधीच्या वेळी मृत व्यक्तीच्या आवडीची गाणी लावतात, नंतर सगळ्यांना कॉफी-केक. मी गेले होते. समोर शवपेटी आणि स्पीकरवर तेच अर्जेंटिनाचं गाणं! आमच्या तासात ऐकून त्यांनी घरी सांगितलं असेल, असं वाटलं. कॉफी घेताना त्यांच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "छे! बाबा तरुणपणी रॉटरडॅमहून बोटीवर जायचे. ब्युनॉस आयर्सला कोणी मुलगी होती म्हणे... आईच्या देखत ते गाणं घरात कधी लागलंच नाही. खूप वर्षांपूर्वी फक्त मला सांगून ठेवलं होतं त्यांनी."

योगायोग, म्हटलं. मग त्रूस आजींनी दुसऱ्या एका आजींकडे बोट केलं, जपानी गाणं झालं. मग वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांसाठी इटलीचं. दोघंही गेले, आणि दोघांच्याही अंत्यविधीला तीच गाणी वाजली. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. मॅनेजरला सांगितलं तर ती मायेने म्हणाली, "तू जरा सुट्टी घे." त्यानंतर त्रूस आजींचा हात हलला की मी घाईघाईने पुढचं गाणं लावायचे.

आणि मग तो बुधवार... इथे बुधवारी शाळा लवकर सुटते, म्हणून माझी ईरा — तेव्हा सहा वर्षांची — माझ्यासोबत यायची, सगळ्यांना बिस्किटं वाटायची. स्पीकर बंद पडला होता आणि मी खाली वाकून वायर बघत होते. मागून गुणगुणणं ऐकू आलं. वळून बघते तर त्रूस आजींनी ईराचा हात धरलेला, डोळे माझ्यावर, आणि एक चाल गुणगुणतायत. छान, उडती चाल होती. ती संपल्यावर अगदी स्पष्ट म्हणाल्या, "हे हिचं."

ईराला जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. आणि ही कार्टी सायकलवर माझ्या मागे बसून तीच चाल गुणगुणतेय! इतकी ओरडले तिच्यावर... मग सायकल थांबवून रस्त्यातच तिला जवळ घेऊन रडले.

घरी आल्यावर गाणी ओळखणाऱ्या अ‍ॅपला तिचं गुणगुणणं ऐकवलं. काही सापडेना. त्या काळातली देशोदेशीची गाणी ऐकून ऐकून कान किटले, पण ही चाल कुठेच नव्हती. निखिल हसायला लागला. "अगं वेडाबाई, सोप्पं आहे. हे गाणं अजून आलेलंच नाही! म्हणजे तुझी लेक शंभरी गाठणार. पेढे वाट!" त्या एका वाक्याच्या आधारावर मी दोन वर्षं काढली. ईरा चाल विसरून गेली. त्रूस आजी त्याच हिवाळ्यात वारल्या. त्यांच्या अंत्यविधीला एकही गाणं नव्हतं. तसंच त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं सुपरमार्केटमध्ये होतो. निखिल दही घेत होता. वरच्या स्पीकरवर गाणं सुरू झालं... ती चाल. तीच. आता शब्दांसकट. ईरा ट्रॉली सोडून नाचायलाच लागली, "आई, दॅट्स माय साँग! आजीवालं!" निखिल दह्याचा डबा हातात धरून नुसता उभा राहिला. गाणं त्याच आठवड्यात आलेलं, गाणारी पोरगी जेमतेम विशीची. बघता बघता इथे नंबर वन झालं, मग बेल्जियम, जर्मनी... आता बसमध्ये, शाळेत, सलूनमध्ये, जिथे जावं तिथे तेच. ईराच्या मैत्रिणी त्यावर रील करतात.

ईरा ठणठणीत आहे. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं, त्यांनी तपासून हसत परत पाठवलं. पण मी फार घाबरलेय हो. तिला सायकलवर एकटीला सोडत नाही, जिना उतरताना हात धरते. ती चिडते, डचमध्ये काहीतरी पुटपुटते. निखिल मला रोज समजावतो — प्रॉबॅबिलिटी, कोइन्सिडन्स, माणसाचा मेंदू कसा उगाच संबंध जोडतो. मी मान डोलावते.

काल ईराच्या पोहण्याच्या क्लासमधून फोन आला. तिची डिप्लोमाची परीक्षा तोंडावर आलीय, आणि जिकडेतिकडे कालवे असलेल्या या देशात पोहणं न शिकलेलं पोर सापडणार नाही. तर बाई विचारत होत्या, "तुमच्या मिस्टरांनी तिचं नाव काढून घेतलंय. नक्की ना?" मी "नक्की" म्हणाले. संध्याकाळी निखिल घरी आला. जेवताना शेजाऱ्यांच्या बागेत ते गाणं लागलं, तेव्हा तो गुपचूप उठला आणि खिडकी लावून आला.

हे काय आहे, का आहे, मला ठाऊक नाही. कुणाला काही सुचत असेल तर खरंच लिहा. मला आता एवढंच हवंय की हे गाणं लवकर मागे पडावं, लोकांना त्याचा कंटाळा यावा. रोज सकाळी उठले की आधी चार्ट बघते. आजही ते नंबर वनवरच आहे.