गुऱ्हाळघरातली शाळा

मी नव्यानं नांदायला आले त्या वर्षी कोल्हापूरच्या महाराजांचा हुकूम आला, की गावात शाळा काढायची आणि सगळ्या जातींची पोरं तिथं बसवायची. मास्तर दरबारचा, पण जागा गावानं बघायची. चावडी अपुरी पडली. देवळाच्या ओवरीत सगळ्यांची पोरं एकत्र बसवायला पुजारी तयार होईना. शेवटी पाटील आमच्या दारात आले.

"तुमचं गुऱ्हाळघर पावसाळाभर रिकामंच असतंय की," ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले.

"हुकूम वरचा आन् छप्पर आमचं व्हय?" मामंजी गुरगुरले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी गड्यांकडून गूळ कढवायची मोठी काहील भिंतीला लावून घेतली.

मी रोज सकाळी तिथली जमीन झाडायची, अधूनमधून सारवायची. पाढे ऐकून ऐकून मलाही पाठ झाले. दिवाळी झाली, ऊस तोडायला आला, तरी दुसरी जागा मिळेना. दरबारचे शाळा-तपासनीस आले तेव्हा मामंजींनी विचारलं, "सायेब, पोरं आत हायत. आमी चुलवाण कवा पेटवायचं?"

तपासनीस भला माणूस. म्हणाला, "इमारतीला इतक्यात काही पैसा मिळेल असं मी सांगत नाही. शाळा मात्र बंद ठेवता येणार नाही."

मग एका अंगाला रस उकळायला लागला आणि दुसऱ्या अंगाला मुळाक्षरं. चरकाचे बैल हाकणाऱ्याच्या आरोळ्यांत मास्तरांचा आवाज बुडून जायचा. पोरांचं लक्ष गुळाच्या वासाकडं. एकदा घरंगळलेल्या पेन्सिलीमागं एक चिमुरडी थेट काहिलीपाशी गेली. रस ढवळणाऱ्या गुळव्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. तिला काही झालं नाही, पण मामंजी धावत आले. त्यांनी चुलवाणातला जाळ बाहेर ओढायला लावला. कढत आलेला रस वाया गेला.

तसेच ते चावडीवर गेले. "आजपास्नं माझं गुऱ्हाळ बंद. आदी शाळंची भिंत, मग गूळ."

अर्ध्या गावाचा ऊस आमच्याकडंच गाळायचा होता! दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत माळावर गाड्यांनी दगड पडले. गावातल्या मुसलमान गवंड्यानं भिंती रचल्या. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, "माझी दोन पोरं बसणार हायत आत." आम्ही बायकांनी माती कालवली. छपरावर उसाचं पाचट चढलं.

त्या साली गूळ उशिरा निघाला, रंगही काळपट आला. कोल्हापूरच्या पेठेतून मामंजी भाव पाडला म्हणून व्यापाऱ्यांना शिव्या देत परतले आणि दोन भाकऱ्या जास्त जेवले.

पुढं रोज दुपारी ते शाळेच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. मी जेवायला बोलवायला गेले, की हात वर करून मला थांबवायचे.

"दम की पोरी," म्हणायचे, "सतराचा संपू दे."