रत्नाबाई ओरडायला शिकतात

आमच्या चांदे गावात एक म्हणच पडली होती, की रत्नाबाईंना विंचू चावला तर विंचूच रडत घरी जातो. ती अगदीच खोटी नव्हती. भात कापताना विळा बोटाला लागला, तर पदराची चिंधी फाडून बांधायची आणि पुढची पात धरायची, ही त्यांची रीत. दाढ काढायला गेल्या तेव्हा डॉक्टर सुई भरत होता, तर यांनी तोंड उघडून सांगितलं, "ती ऱ्हाऊ दे, तू वड." उलट नवरा कुशाबा. पायात काटा रुतला तरी चार माणसांना हाक मारणारा गृहस्थ.

साठी उलटल्यावर रत्नाबाईंना साखर निघाली. भात बंद, गूळ बंद, चहा फिका. वर्षभरात बाई निम्म्या झाल्या. अंग उतरलं, पण कातडी उतरायची विसरली. हनुवटीखाली रिकाम्या पिशवीसारखी घडी लोंबायला लागली. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. मग भाच्याचं लग्न आलं. स्टेजवर फोटोवाला म्हणाला, "आजींना मध्ये घ्या. आणि ताई, तुम्ही जरा बाजूला सरका." आजी म्हणजे रत्नाबाई, आणि ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण! बहीण इतकी हसली की फोटोत तिचं तोंड हललेलं आलं. रत्नाबाई त्या मांडवात जेवल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला, स्नेहलला, गाठलं. स्नेहल हिंजवडीत नोकरीला, सगळ्या गोष्टी मोबाइलवर शोधून काढणारी.

"गळा शिवून देत्यात का गं कुटं?"

"शिवत नाहीत आई. मशीननं आतून शेकतात, म्हणजे कातडी जरा आवळते."

"मग शेकू की. त्यात काय."

जवळच्या सूस गावात, पूर्वी जिथं हरभऱ्याचं रान होतं तिथं आता काचेची इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर दवाखाना. कुशाबांना 'साखर तपासायला चाललोय' असं सांगून सासू-सून स्कूटीवर गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी निघाली. नाव शाइस्ता, गाव पौड. रत्नाबाईंनी लगेच धागा काढला.

"पौडात कापडवाले बाबालाल, त्यांची कोण तू?"

"नात."

"आगं, मग माझ्या सगळ्या बाळंतपणांची लुगडी तुझ्याच आज्याच्या दुकानातली!"

ओळख पटल्यावर डॉ. शाइस्तानं सगळं नीट समजावलं. गळ्याला जेल लावून त्यावरून मशीनची मूठ फिरवणार. आतून गरम लागेल. हाडाजवळ जास्त लागेल. गळा अगदी वीस वर्षांच्या पोरीसारखा होणार नाही, थोडा आवळेल, तोही हळूहळू. "आणि मावशी, मी मधूनमधून विचारणार. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. पाचाच्या पुढं गेलं की मला सांगायचं."

स्नेहलनं विचारलं, "बधिर करायचं मलम नाही का लावत?"

"या मशीनला मी नाही लावत. जागा बधिर केली तर भाजतंय की नुसतं शेकतंय, हे कळणार कसं?"

काम सुरू झालं.

"मावशी, किती?"

"शून्य."

डॉक्टरनं जोर थोडा वाढवला. "आता?"

"शून्य."

मूठ जबड्याच्या हाडावर आली. रत्नाबाईंच्या पायांची बोटं चादरीखाली वळली. हातानं खाटेची कड धरली.

"आता किती?"

"शून्यच की."

"मावशी, डोळ्यांतून पाणी येतंय."

"ते जुनं हाय."

डॉक्टरनं मूठ उचलली. कानाखाली भाजल्यासारखा तांबडा ठसा उमटला होता. तिनं मशीनच बंद केलं, त्यावर गार हवा सोडली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"मावशी, मशीनला डोळे नाहीत. तुम्ही सांगितलं तरच मला कळणार. तुम्ही असं सोसत राहिलात तर एक दिवस फोड येईल, आणि बोल मला लागेल. आज बास. ओरडायला शिकून या, मग पुढचं करू."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रत्नाबाईंना नापास केलं होतं. तेही सोसलं म्हणून! स्कूटी वाटेतल्या नांदे गावापाशी आली. मग मागून त्या एकदम म्हणाल्या, "वरडायला काय शिकायचं असतं व्हय?"

असतं. ते घरी कळलं.

"आई, म्हणा बरं, आई गं."

"कुणाची आई?"

"आपली."

"ती कवाच गेली."

"तरी म्हणा."

रत्नाबाई म्हणाल्या. पण ते असं निघालं, जसं कुणाला जेवायला हाक मारावी. स्नेहलनं चिमटा काढून पाहिला. रत्नाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि नखं वाढल्याबद्दल बोलल्या. आकड्यांचंही जमेना. तीन म्हणजे किती नि सात म्हणजे किती, दुखणं काय मापानं मोजायचं? शेवटी स्नेहलला युक्ती सुचली.

"मुंगी चावली म्हणजे एक धरू. फोडणीचा थेंब हातावर उडाला म्हणजे?"

"ते जरा जास्त. चार धर."

"विंचू?"

"सात. आन बाळंतपण दहा."

"मग फोडणीच्या वर गेलं की ओरडायचं. ठरलं."

सरावाला त्यांनी न्हाणी निवडली, दार लावता येतं म्हणून. पहिले दोन-तीन दिवस आतून बारीक आवाज यायचे. मग एका सकाळी कसं कोण जाणे, बांध फुटला. "आगं आये, मेले गं!" अशी किंकाळी उठली की वरच्या खोल्यांतले हिंजवडीवाले भाडेकरू ब्रश तोंडात धरून खाली आले. कुशाबा दाढीचा फेस एका गालावर घेऊन धावले आणि त्यांनी दाराला धडक दिली.

दार उघडलं. रत्नाबाई धडधाकट उभ्या.

"काय झालं?"

"काय न्हाई. सराव करतीया."

मग सगळं बाहेर आलं. साखर तपासायला नव्हे, गळा आवळायला जातात, हे ऐकून कुशाबा पायरीवर बसले. भाडेकरू पांगले. गालावर फेस वाळत असतानाच कुशाबांनी विचारलं, "आन येवढ्या वर्सांत कवा वरडली न्हाईस ती?"

"पयल्या बाळंतपणात तुमच्या आईनं सांगितलं, वरडू नगं, पडवीत गडीमाणसं बसल्यात."

"पडवीत तर मी होतो. आन आमचे आबा."

"व्हय. तुमीच."

"मला वाटलं, तुला दुखतच न्हाई."

"समद्यांलाच वाटलं."

कुशाबा उठले. त्यांनी उरलेला गाल तासला आणि त्यात तीन ठिकाणी कापून घेतलं. पुढच्या खेपेला ते स्वतः जीपमधून सोडायला आले, पण वर यायला लाजले. खालीच रसवंतीत बसले.

या खेपेला रत्नाबाईंनी काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. जेल गार लागलं म्हणून पहिली आरोळी गेली. डॉक्टर म्हणाली, "मावशी, अजून सुरूच नाही केलं!" मग मूठ फिरायला लागली. मुंगी, मुंगी, दोन मुंग्या, आणि जबड्यापाशी, "फोडणी! आगं, फोडणी आली! थांब की गं बाबालालच्या नाती!" डॉक्टर लगेच थांबायची, जोर कमी करायची, गार हवा द्यायची. रत्नाबाई दोन घोट पाणी प्यायच्या, लांब श्वास सोडायच्या आणि म्हणायच्या, "हं, चालू दे." हाताला रबरी चेंडू दिला होता तो त्यांनी इतका दाबला की त्याचं पोट फुटलं. पण कातडीवर नुसती गुलाबी झाक, भाजल्याची खूण नाही. डॉक्टर खूष.

बाहेर मात्र वेगळंच नाटक चाललं होतं. बाकावर एक धिप्पाड माणूस बसला होता. तोंडाला मास्क, डोळ्यांना काळा गॉगल, कानावरून उपरणं. आतून 'मेले गं' आलं तसा तो उठला. 'फोडणी' आलं तसा जिन्याकडं निघाला. नेमक्या त्याच वेळी रत्नाबाई बाहेर आल्या.

"दादासाहेब न्हवं?"

दादासाहेब हे सूसचं मोठं प्रस्थ. प्रत्येक चौकात त्यांचा शुभेच्छांचा फलक, आणि प्रत्येक फलकावरची हनुवटी संगणकानं खरडून बारीक केलेली. आता खरी हनुवटी फलकाला गाठायला आली होती.

"मी... ते... गाळा बघायला आलो होतो. भाड्यानं द्यायचाय म्हणत होते."

"गाळा की गळा?"

दादासाहेबांनी गॉगल काढला. हळूच विचारलं, "रत्नाक्का, लई दुखतंय का? तुमच्यासारखी बाई वरडली म्हंजी..."

"आवं, दुखत न्हाई फारसं. वरडायचं असतं, तसं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. गप बसलात तर भाजंल. फोडणीच्या वर गेलं की हाक मारायची, ती थांबती. लई गुणी पोर हाय."

दंड धरून त्यांनी दादासाहेबांना आत पोचवलं आणि स्नेहलला म्हणाल्या, "जरा बसू." थोड्याच वेळात आतून असा आवाज आला की खाली रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. कुशाबा अर्धा ग्लास टाकून धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आले. बघतात तर बायको बाकावर बसून शांतपणे पेरू खातेय.

"आगं, तुझा आवाज असा कसा झाला?"

"माझा न्हवं. आत दादासाहेब हायेत. मुंगीलाच वरडत्यात."

पुढं गळा थोडा आवळला. थोडाच, डॉक्टर म्हणाली होती तेवढा. आरशात बाजूनं पाहिलं तर रत्नाबाईंना कळायचा, इतरांना सांगावं लागायचं, आणि त्या सांगायच्या. पण तोंड एकदा उघडलं ते मिटलं नाही. गुडघा दुखतो, खांदा भरून येतो, धार काढताना मनगटात कळ जाते, असं वर्षानुवर्षांचं साठलेलं रोज थोडं थोडं बाहेर पडू लागलं. कुशाबांनी आधी ऐकून घेतलं, मग खांद्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं धार काढायला बंदी घातली, तेव्हा बादली कुशाबांच्याच हातात आली.

म्हैस त्यांना अजून जुमानत नाही. निम्मं दूध चोरून धरते. तिच्या दुधाचा रतीब घेणारे भाडेकरू आता पिशवीचं दूध आणतात. रत्नाबाई गोठ्यासमोर खुर्ची टाकून, फिका चहा घेत, "अंगठा आत घ्या, अंगठा," असं सांगत बसलेल्या असतात.