मिलिमीटरकाकांची वही

गावात त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे मिलिमीटर. एकतीस वर्षं त्यांनी हवामान केंद्रात पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, गुडघ्यावर बसून पाण्याची पातळी डोळ्यांसमोर आणायची आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. हे काम कुणालाही जमेल असं वाटत असेल तर त्यांच्यासमोर म्हणून बघा. मी एकदा म्हटलं होतं. पाऊण तास उभं राहून ऐकावं लागलं, आणि तिकडे एका गोठ्यात गाय अडली होती.

मी जनावरांचा डॉक्टर. पाच गावांना मिळून मी एकटा, त्यामुळे माझी मोटरसायकल आणि मी सतत घाईत असतो. काकांचं घर माझ्या रोजच्या रस्त्यावर, गावाच्या अगदी टोकाला. पुढे बाग, मागे ओढा, मध्ये काका. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दूरच्या शहरात. काका सकाळी टोमॅटोला पाणी घालत असतात, वेलाच्या शेंगा मोजत असतात (हो, मोजतात, सवय जाते थोडीच), तेव्हा मी जाता जाता दोनदा हॉर्न वाजवतो, हात करतो. तेही झारी उचलून दाखवतात. इतकी वर्षं हे चाललंय आणि आमचे संबंध फार चांगले आहेत असं मी धरून चाललो होतो.

मुलाचा फोन महिन्यातून एकदोनदा येतो. त्यात तीन वाक्यं असतात. कसे आहात, बरा आहे, ठेवतो मग. मुलगा वाईट नाही. दोघांकडे एकमेकांना विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढंच. पण नात वेगळी. तिला आम्ही साहेब म्हणतो, कारण ती आल्यापासून जाईपर्यंत हुकूम सोडते. दोन वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, सुट्टीत आली आणि कुंपणावर येणाऱ्या एका खारीच्या प्रेमात पडली. त्या खारीची शेपटी अर्धी तुटलेली होती. नाव ठेवलं तुटकी. परत जायच्या दिवशी साहेबांनी रडून घर डोक्यावर घेतलं. मग आजोबांनी कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, किती शेंगदाणे खाल्ले, शेरा. "मी रोज नोंद ठेवीन," ते म्हणाले, "आणि दर रविवारी तुला फोनवर वाचून दाखवीन."

वही आखताना त्यांनी तिला आपली विद्याही दिली. पाऊस पडला नाही त्या दिवशी रजिस्टरमध्ये 'निरंक' लिहायचं असतं. दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं तर निरंक, त्यात लाजायचं काही नाही. खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. शेवटी तिला त्यांनी आपला आवडता किस्सा सांगितला. दुसऱ्या एका केंद्रावरचा माणूस महिनाभर घरीच बसून पावसाचे आकडे भरायचा. काकांनी त्याचं रजिस्टर नुसतं चाळलं आणि पकडलं. आकडे सगळे गोलमटोल, आणि पूर्ण महिन्यात एकही निरंक नाही. "घरी बसून लिहिणाऱ्याला निरंक सुचत नाही," ते म्हणायचे. "त्याला वाटतं, काहीतरी भरलं पाहिजे."

तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला फोन यायचा आणि अर्धा-पाऊण तास चालायचा. तुटकीने काय खाल्लं, कुणाशी भांडली, पावसात कुठे बसली. तुटकीवरून गाडी शाळेवर, शाळेवरून मैत्रिणींवर. काका शनिवारी संध्याकाळीच वही टेबलावर काढून ठेवायचे. नोंदी वाचताना चष्मा नीट बसवायचे आणि आवाज सरकारी काढायचे.

गेल्या सुट्टीत साहेबांनी येताना रस्त्यात सापडलेलं मांजराचं पिल्लू आणलं. काका म्हणाले, "मांजर आणि खार एका अंगणात नांदणार नाहीत." मीही तेच म्हणालो. पण आमचं कोण ऐकतं? पिल्लू राहिलं, वर्षभरात त्याचा चांगला दांडगा बोका झाला, आणि एका महिन्याच्या चौदा तारखेला सकाळी त्याने तुटकीला आणून पायरीवर ठेवलं.

त्या दिवशी काकांनी मला हाक मारून थांबवलं. मी बघितलं, करण्यासारखं काही नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली आम्ही तिला पुरलं. बोका बाजूला बसून पंजे चाटत होता. मी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि वर म्हणालो, "बरं झालं काका, वहीची कटकट संपली." माझी जीभ ही अशी आहे. काका हात धुऊन आत गेले.

वही संपली नव्हती. रविवारी त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: सोमवार, सात वाजून दहा मिनिटं, शेंगदाणे तीन. मंगळवार, सव्वासात, तीन.

मला हे कळलं महिन्याभराने. एकतीस वर्षांत ज्यांनी एक थेंब इकडचा तिकडे केला नाही, ते आता रोज संध्याकाळी टेबलाशी बसून मेलेल्या खारीला शेंगदाणे खाऊ घालत होते. मी म्हटलं, "काका, पोरीला सांगून टाका."

"काय सांगू? तिच्या मांजराने तिची खार मारली?"

"मग मी सांगतो."

"नको." ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "डॉक्टर, खार गेली तर ती फोन कशाला करेल? माझ्याशी बोलण्यासारखं दुसरं काय आहे? कसे आहात, बरा आहे, ठेवतो मग. ते मला तिच्याकडून ऐकायचं नाही."

सुट्टी जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. एका सकाळी रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी माझी गाडी अडवली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "ओढ्याकडे खारी पुष्कळ आहेत. एखादी पकडली, आणि तिची शेपटी जरा, म्हणजे तुमच्याकडे भूल द्यायचं औषध असतंच..."

"जनावरांचा डॉक्टर आहे मी, न्हावी नाही!" मी ओरडलो आणि गाडी काढली. रस्ताभर मला हसू येत होतं. पुढच्या गावात पोचेपर्यंत ते गेलं, कारण त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. असल्या गोष्टीसाठी तोंड उघडायला त्या माणसाला किती दिवस लागले असतील!

साहेब आल्या. दरवर्षी महिनाभर राहायच्या, यंदा कसलेसे वर्ग होते म्हणून फक्त तीन दिवस. दुसऱ्या दिवशी मी बोक्याच्या कानातल्या गळवाला इंजेक्शन द्यायला गेलो होतो. काका बागेत उगाचच वाफे उकरत होते. पोरगी पायरीवर वही घेऊन बसलेली. कालपासून तुटकी दिसली नव्हती. काकांनी "असेल इकडेतिकडे" म्हणून वेळ मारून नेली होती. आता ती वेळेच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत होती.

"आजोबा."

"काय गं?"

"चौदा तारखेच्या आधी आठवड्यात दोन-तीन निरंक आहेत. नंतर एकही नाही."

काकांचं खुरपं थांबलं.

"रोज सात दहा नाहीतर सव्वासात. रोज तीनच शेंगदाणे. पाऊस होता त्या दिवशी पण तीन." तिने मान वर केली. "चौदा तारखेला काय झालं?"

मी इंजेक्शनची सुई हातात धरून तसाच उभा. तिथून पळून जावं असं वाटत होतं. काका वाफ्यातून उठले, पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. बोक्याचं नावही घेतलं. लिंबाचं झाड दाखवलं.

पोरगी रडली. आवाज न करता, नाक ओढत. बोका पायाशी घोटाळायला आला तर त्याला तिने पायाने बाजूला सारलं, पण जोरात नाही. मग आत जाऊन पट्टी आणि लाल पेन घेऊन आली. चौदा तारखेपासून कालपर्यंत सत्तर नोंदी होत्या. एकेका ओळीवर पट्टी ठेवून एकच आडवी रेघ, वर 'निरंक'. दर रेघेला वही आजोबांच्या पुढे सरकवायची. "सही." ते मुकाट्याने सही करायचे. मी माणसांना दंड भरताना पाहिलं आहे, पण असा नाही. दोघांनी मिळून सत्तर वेळा ती खार मेली असं लिहिलं.

संपल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं. "का लिहिलंत खोटं?"

"मला वाटलं, खार नसली की तू फोन करणार नाहीस."

आता मात्र साहेब भडकल्या. "मी खारीला फोन करत होते का?"

काकांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. ती पाच मिनिटं रागाने कुंपणाकडे बघत बसली, आणि मग वहीचं नवं पान उघडून पट्टीने रकाने आखायला लागली. तारीख, वार, आणि तिसऱ्या रकान्यावर लिहिलं: आज किती जणांशी बोललात. चौथा, शेरा.

"हे रोज भरायचं. रविवारी मला वाचून दाखवायचं. बोक्याशी बोललेलं धरायचं नाही. झाडांशी पण नाही."

"दूधवाला?"

"बोलला तर."

काकांनी थोडा विचार केला. नियम नीट समजून घ्यायचा त्यांचा स्वभाव. "हे डॉक्टर रोज हॉर्न वाजवून जातात. तो धरायचा का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "थांबतात?"

"नाही. घाईत असतात."

"मग निरंक," ती म्हणाली.

अकरा वर्षांच्या पोरीने मला असं जमिनीवर आणलं. मी बोक्याला इंजेक्शन देऊन, चहा नको म्हणून, निघालो. जाताना हॉर्न वाजवायला हात गेला होता, तो त्या दिवसापुरता मागे घेतला.

तिसऱ्या आठवड्यात बोक्याचा दुसरा डोस होता. गेलो तेव्हा काका मागच्या बाजूला हातपाय धूत होते. टेबलावर वही उघडी पडलेली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण मी वाचली. सोमवार, निरंक. मंगळवार, निरंक. बुधवारी आधी 'एक, दूधवाला' असं लिहिलेलं, त्यावर आडवी रेघ, वर निरंक, सही. शेरा: फक्त पिशवी ठेवून गेला. गुरुवार निरंक. शुक्रवार निरंक. शनिवार, एक. शेरा: चुकीचा नंबर लागला होता, बाई चांगल्या बोलल्या. रविवार, एक. पान उलटलं तर पुढेही तेच. रविवार सोडला तर ओळीखाली ओळ तो शब्द, सुवाच्य अक्षरात. त्यातल्या प्रत्येक दिवशी मी दोनदा हॉर्न वाजवला होता, आणि पुढच्या वळणापर्यंत मला आपण फार माणुसकीचे आहोत असं वाटलं होतं.

काका हात पुसत आले. मी वाचलं हे त्यांना दिसलं, पण त्यांनी वही मिटली नाही. खुर्चीत बसून पेन उघडलं.

"आज गुरुवार," ते म्हणाले. "डॉक्टर, बोक्यासाठी आलात की बोलायला? शेरा लिहावा लागतो."

"बोलायला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातल्या इंजेक्शनकडे पाहिलं. मग लिहिलं: एक. शेरा: बोक्यासाठी आले होते.

मी खाली बसलो. म्हटलं, "रविवारी तिला हे सगळं वाचून दाखवता?"

"दाखवतो की."

"काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. निरंक आला की जरा थांबते, आणि मग पुढचा वार सांगा म्हणते." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सगळ्यात अवघड बुधवार गेला, डॉक्टर. दूधवाल्याला आधी मी धरलंच होतं."

आता दर गुरुवारी मी बॅग घरी ठेवून त्यांच्याकडे जातो. तास-दीड तास बसतो, पावसाचे किस्से ऐकतो, गाई वाट बघतात. बाकीचे दिवस मी पूर्वीसारखाच घाईत असतो, आणि त्या दिवसांचे निरंक वहीत आहेत.